रिफायनरीत ऊर्जा वाचवायची तर सुरुवात कुठून करायची?

फर्नेससमोरचा (धागाकर्ता)

रिफायनरी किंवा पेट्रोकेमिकल प्लांटची कार्यक्षमता हा विषय निघाला की हल्ली बोलणं थेट डिजिटल ट्विन (प्लांटची संगणकातली प्रतिकृती) आणि एआयवर जातं. माझं मत सरळ आहे: रोज डोळ्यांदेखत वाया जाणारी उष्णता आधी थांबवा, सॉफ्टवेअरचं नंतर बघू.

क्रूड युनिटच घ्या, म्हणजे कच्चं तेल (क्रूड) तापवून कॉलममध्ये, म्हणजे उंच टॉवरमध्ये, त्याचे घटक वेगळे करणारा भाग. फर्नेसमधून (भट्टीतून) क्रूड बाहेर पडतं ते साधारण ३५० ते ३७० अंश सेल्सियसला. पण त्यातला मोठा पल्ला ते फर्नेसच्या आधीच गाठतं. कॉलममधून निघणाऱ्या गरम प्रवाहांची उष्णता एक्स्चेंजरच्या (एका प्रवाहाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या उपकरणांच्या) साखळीतून, म्हणजे प्रीहीट ट्रेनमधून, क्रूडला मिळते आणि ते २५०-२८० अंशांपर्यंत पोचतं. नळ्यांत ॲस्फाल्टीन (क्रूडमधले जड घटक), क्षार आणि कोक यांचा थर बसू लागला की हे तापमान हळूहळू उतरतं. उतरलेला प्रत्येक अंश इंधन जाळून भरून काढावा लागतो. आणि फर्नेस तिच्या मर्यादेला टेकली की मग फीडच, म्हणजे आत जाणारा कच्चा मालच, कमी करावं लागतं. ते नुकसान इंधनाच्या खर्चापेक्षा कितीतरी मोठं असतं.

तीच गोष्ट हवेची. गॅसवर चालणाऱ्या फर्नेसला धुरात २-३ टक्के ऑक्सिजन पुरतो. तो ५-६ टक्के ठेवला, तर जास्तीची हवा तापवून आपण चिमणीतून सोडून देतो. स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह) उघडे अडकलेले असतात, त्यांची तर कित्येकदा यादीही कुणाकडे नसते. एक्स्चेंजर साफ करा, डॅम्पर (हवेचा प्रवाह कमीजास्त करणारी झडप) आणि बर्नरकडे लक्ष द्या, ट्रॅप बदला. यासाठी नवं तंत्रज्ञान लागत नाही.

लूप_ऑटोवर

असहमत. साफसफाई करावी हे कोण नाकारेल? पण तिचा फायदा टिकत नाही. बंडल (एक्स्चेंजरमधला नळ्यांचा संच) धुतलं, तापमान चढलं, काही महिन्यांत पुन्हा खाली. शिवाय कुठला एक्स्चेंजर कधी धुवायचा हे अंदाजाने ठरवलं, तर ज्याचा फर्नेसवर फारसा परिणाम नाही तोच आधी उघडला जातो. हा हिशोब मॉडेलशिवाय नीट जमत नाही. म्हणजे ज्याला तुम्ही 'नंतर' म्हणता, ते तुमच्या कामासाठीच आधी लागतं.

दुसरं, खरी गळती बोर्डवर, म्हणजे कंट्रोल रूममध्ये, आहे. स्पेक (मालाच्या दर्जाची ठरलेली अट) चुकू नये म्हणून बोर्डवरचा माणूस हात राखून चालवतो. शुद्धता ९९ टक्के पुरेशी असेल तर तो ९९.५ काढतो. त्यासाठी रिफ्लक्स (वर थंड करून कॉलममध्ये परत सोडलेला द्रव) जास्त, म्हणून तळाशी उष्णता देणाऱ्या रिबॉयलरला स्टीम जास्त, आणि हे दिवसरात्र चालू. त्याचा दोष नाही, कारण प्रत्येक शिफ्टला फीड आणि हवामान बदलतं. मॉडेलवर चालणारं प्रगत नियंत्रण, म्हणजे एपीसी, हा चढउतार कमी करतं आणि कॉलमला मर्यादेच्या जवळ नेऊन तिथे धरून ठेवतं. हे कालपरवाचं फॅडही नाही. शेलमधल्या कटलर आणि रामेकर यांनी अशा नियंत्रणाची एक पद्धत, डायनॅमिक मॅट्रिक्स कंट्रोल, १९७९ मध्येच मांडली होती.

फर्नेससमोरचा

@लूप_ऑटोवर, एपीसी बसवल्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी किती लूप (आपोआप चालणाऱ्या नियंत्रणाच्या साखळ्या) खरोखर ऑटोवर असतात, हेही सांगा. कंट्रोल व्हॉल्व्ह अडकतो, ॲनालायझर (मालाची शुद्धता मोजणारं उपकरण) बंद पडतो, फीड बदललं की मॉडेल जुळत नाही, मग ऑपरेटर वैतागून ते मॅन्युअलवर टाकतो. ते पुन्हा जागेवर आणायला माणूस लागतो, आणि तो माणूस प्रकल्पाच्या बजेटमध्ये कधी धरलेला नसतो.

लूप_ऑटोवर

मान्य. पण हा तर देखभालीचाच प्रश्न झाला. ट्रॅपची देखभाल करायची आणि ॲनालायझरची नाही, असा नियम का?

पिंच_पॉइंट

दोघेही आहे त्या प्लांटला ठाकठीक करण्याबद्दल बोलत आहात. रचनेतच उधळपट्टी असेल तर? १९७० च्या दशकातल्या तेलसंकटानंतर बोडो लिनहॉफ आणि इतरांनी पिंच विश्लेषण विकसित केले; पिंच म्हणजे गरम आणि थंड प्रवाहांची तापमाने जिथे सर्वांत जवळ येतात तो बिंदू. त्याचे मोल हे, की एकही एक्स्चेंजर आखण्याआधी कमीत कमी किती उष्णता बाहेरून द्यावीच लागेल हे कळते. पिंचच्या वरची उष्णता खाली पाठवू नका, पिंचच्या वर कूलिंग वॉटर वापरू नका, पिंचच्या खाली स्टीम वापरू नका. जुन्या युनिटमध्ये हे नियम जागोजागी मोडलेले सापडतात, कारण दर विस्ताराच्या वेळी जिथे जागा मिळाली तिथे एक्स्चेंजर जोडला गेला. असे नेटवर्क कितीही घासूनपुसून ठेवले तरी मुळातली चूक तशीच राहते.

कॉलमचेही तसेच. तीन घटक वेगळे करायला दोन कॉलम ही सवय झाली आहे. मध्ये भिंत असलेला एकच कॉलम बीएएसएफने १९८५ मध्ये चालू केला. योग्य मिश्रण असेल तर दोन कॉलमच्या मानाने ऊर्जेत ३० टक्क्यांच्या आसपास बचत होऊ शकते.

रात्रपाळी

पिंचवाल्यांना माझा प्रश्न: असा गुंतवलेला प्लांट सुरू कधी केलाय का? या प्रवाहाची उष्णता त्या कॉलमच्या रिबॉयलरला, त्या कॉलमची तिसऱ्याला. चालू असताना छान. स्टार्टअपला मात्र प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघतो. एका युनिटला धक्का बसला की शेजारची दोन हलतात. बायपास आणि स्टार्टअप हीटर ठेवा म्हटलं की 'खर्च वाढतो' असं उत्तर येतं.

आणि सगळे 'मर्यादेच्या जवळ' म्हणताहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. अमेरिकेतली टेक्सास सिटीची रिफायनरी, २३ मार्च २००५. आयसोमरायझेशन युनिटचा (पेट्रोलच्या घटकांचा दर्जा सुधारणाऱ्या युनिटचा) स्टार्टअप. टॉवर भरत गेला, लेव्हल दाखवणारं उपकरण चुकीचं वाचत होतं, वरचा अलार्म वाजलाच नाही. द्रव बाहेर पडून स्फोट झाला आणि १५ माणसं गेली. चौकशीत खर्चकपातीचा मुद्दा पुढे आला होता. त्यामुळे मर्यादेजवळ न्यायचं असेल, तर मर्यादा दाखवणारं उपकरण खरं बोलतंय याची खात्री आधी करा.

ऑक्सिजनचंही तेच. चिमणीतल्या मीटरवर ४ टक्के दिसतात म्हणून डॅम्पर आवळायचा, आणि ती हवा कन्व्हेक्शन सेक्शनच्या (फर्नेसच्या वरच्या भागाच्या) पत्र्यांच्या फटींतून आत शिरलेली असते. बर्नरला प्रत्यक्षात हवा कमी पडते, कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि न जळलेला वायू वर जिथे हवा मिळेल तिथे पेटतो. ऑक्सिजन फायरबॉक्सच्या (जिथे ज्योत असते त्या भागाच्या) माथ्यावर मोजा, सोबत कार्बन मोनॉक्साइडही मोजा, आधी फटी बुजवा आणि मगच हवा कमी करा. धागाकर्त्यांच्या यादीत हा क्रम हवाच.

क्रॅकर_कॉइल

पेट्रोकेमिकल बाजूने एक मुद्दा. स्टीम क्रॅकरमध्ये (फीड वाफेसोबत तापवून इथिलीन बनवणाऱ्या युनिटमध्ये) फर्नेसचं इंधन महत्त्वाचं आहेच, पण उत्पादनाचं गणित त्याहून जड. कॉइलच्या (फर्नेसमधल्या नळीच्या) शेवटी तापमान ८००-८५० अंश, आणि वायू आत राहतो सेकंदापेक्षा कमी वेळ. कॉइलमध्ये कोक साठला की दाब वाढतो आणि फीडचा जास्त भाग इथिलीनऐवजी नको त्या पदार्थांत जातो. हे टनामागच्या ऊर्जेच्या आकड्यात नीट दिसत नाही, फीडच्या बिलात दिसतं. शिवाय तो आकडा लोडवर, म्हणजे प्लांट किती क्षमतेने चालतोय त्यावर, फार हलतो. निम्म्या लोडवरही कॉम्प्रेसरची ऊर्जा निम्मी होत नाही, उष्णतेची गळतीही जवळपास तेवढीच राहते. 'या वर्षी कार्यक्षमता सुधारली' असं कुणी म्हणालं, की मी आधी लोड विचारतो.

युटिलिटीवाला

इथे वाचवलेला गॅस पुढे जातो कुठे, हे कुणीच विचारलं नाही. रिफायनरीचा फ्युएल गॅस युनिटमधूनच निघतो. तो आधीच जास्त असेल, तर फर्नेसमध्ये वाचवलेला गॅस फ्लेअरला (जास्तीचा वायू जाळून टाकणाऱ्या उंच नळीला) जाईल. आकडा कागदावर सुधारतो, चिमणीऐवजी फ्लेअरमधून तोच कार्बन बाहेर पडतो. स्टीमचंही असंच. लो प्रेशर स्टीम आधीच हवेत सोडावी लागत असेल, तर त्या हेडरवरचे (मुख्य पाइपवरचे) ट्रॅप दुरुस्त केल्याने व्हेंट, म्हणजे हवेत सोडलेली वाफ, तेवढा वाढेल. आधी फ्युएल गॅस आणि स्टीमचा ताळेबंद मांडा. इंधनाचा शेवटचा टन कुठून येतो? बाहेरून विकत घेतलेला नैसर्गिक वायू कमी होत असेल, तरच ती बचत खरी.

फर्नेससमोरचा

@युटिलिटीवाला, ताळेबंद हवाच. पण फ्लेअरला जाणारा गॅस हे फर्नेस तशीच ठेवण्याचं कारण होऊ नये. जास्तीच्या गॅसमधला प्रोपेन काढता येतो, हायड्रोजन युनिटला फीड म्हणून काही भाग देता येतो, फ्लेअर गॅस रिकव्हरी कॉम्प्रेसर बसवता येतो. आणि प्रीहीट सुधारल्याने फर्नेस मोकळी होऊन फीड वाढणार असेल, तर गॅसचा प्रश्न आड येत नाही.

@रात्रपाळी, फटी आधी, हवा नंतर. मूळ यादीत हा क्रम घालतो.

@पिंच_पॉइंट, नेटवर्क बदलायला शटडाऊन लागतो आणि मोठे शटडाऊन चार-पाच वर्षांनी येतात. तोवरच्या दिवसांचं इंधन कोण भरणार?

पिंच_पॉइंट

शटडाऊन येईल तेव्हा आराखडा हातात तयार असायला हवा, आणि तो आज सुरू केला तरच होईल. दर वेळी धुलाईतच सगळी माणसे गुंतलेली असतात आणि शटडाऊनच्या कामांच्या यादीत जुनीच बंडले पुन्हा बसवली जातात. यावर तुमचे उत्तर हवे आहे.