सल्ला हवा: कॉलेजात मुलांनीच मुलांना लेखनात मदत करायची, तर सुरुवात कशी करावी?

रेवाकाठ
नमस्कार मंडळी. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी मराठी शिकवते. 2024-25 पासून आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण आलं आणि मुलांमागे लेखनाचं शुक्लकाष्ठ लागलं. फील्ड प्रोजेक्ट, ओजेटीचा म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाचा अहवाल, वर अंतर्गत मूल्यमापनाचे निबंध. बारावीपर्यंत ज्यांनी गाइडमधली उत्तरं पाठ केली, त्यांना आम्ही एकदम वीस पानं लिहा म्हणतो. मग गेटसमोरचा झेरॉक्सवाला धावून येतो. त्याच्याकडे मागच्या वर्षीच्या फाइली तयार असतात. नाव आणि रोल नंबर बदलून, स्पायरल मारून संध्याकाळी हातात. हल्ली त्याचाही धंदा चॅटजीपीटीने बसवलाय म्हणा.

विभागात कायम अशी मी एकटी, बाकीचे तासिका तत्त्वावर. एकेका मुलाजवळ बसून कच्चा मसुदा वाचणं आमच्याने होत नाही. म्हणून डोक्यात असं आहे, की टीवाय आणि एमएची काही मुलं तयार करावीत आणि त्यांनी एफवाय-एसवायच्या मुलांना हात द्यावा. प्राचार्य तोंडी हो म्हणालेत. ज्यांनी असं काही केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सांगा. मुलं निवडायची कशी? बसवायचं कुठे? पैसे द्यावेत का? आणि खरी धास्ती ही, की मोठी मुलं धाकट्यांना सरळ लिहूनच देऊ लागली तर? मग झेरॉक्सवाला काय वाईट होता!

वाकडी_मान
ताई, हेतू चांगला आहे, पण पुढे काय होणार ते सांगतो. दीपप्रज्वलन, बॅनर, कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या 'बेस्ट प्रॅक्टिस'मध्ये दोन फोटो. दिवाळीनंतर त्याच टेबलावर परीक्षा विभागाचे गठ्ठे. आमच्याकडे मेंटॉर-मेंटीचं हेच झालं. उद्घाटन करूच नका, एवढाच माझा सल्ला.

पल्याडची
वाकडी_मान यांच्याशी सहमत, उद्घाटन नकोच 😀

मी अमेरिकेत एका सरकारी विद्यापीठात एमएस करताना तिथल्या रायटिंग सेंटरमध्ये, म्हणजे मुलांनीच मुलांना लेखनात मदत करायच्या जागी, काम करायचे. ही पद्धत तिकडेही काही हौसेने आली नाही. 1970 मध्ये न्यू यॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या हायस्कूल पास झालेल्या सगळ्यांना प्रवेश खुला केला. घरातली पहिलीच पिढी कॉलेजात, अशी पुष्कळ मुलं आली आणि लेखनापाशी अडली. पदव्युत्तर विद्यार्थी आणि इतर व्यावसायिक नेमून मदतीची सोय काढली, तर तिकडे कोणी फिरकेना, कारण ती वर्गाचीच पुरवणी वाटायची. ब्रुकलिन कॉलेजचे केनेथ ब्रफी यांनी मग विद्यार्थ्यांनाच शिकवून त्या कामाला बसवलं. अशी वरून दिलेली मदत नाकारणारी मुलं बरोबरीच्यांकडून ती घेतात, हे तिथे दिसलं. तुमच्या वर्गाची अडचण यापेक्षा फार वेगळी वाटत नाही मला.

लिहून देण्याबद्दल: आमच्याकडे एक नियम फार कडक होता. ज्याचा लेख, पेन त्याच्याच हातात. लॅपटॉप असेल तर तोही त्याच्याच पुढ्यात. मदत करणाऱ्याने हात मांडीवर ठेवायचे. ऐकायला पोरकट वाटेल, पण पेन हातात आलं की माणसाला राहवत नाही, तो दुरुस्त करत सुटतो. आणि मग तो लेख त्याचाच होऊन बसतो.

बैठक अर्ध्या ते पाऊण तासाची, त्याहून लांबवू नका. आधी विचारायचं: प्रश्न काय दिलाय, कधी द्यायचंय, तुला स्वतःला कुठे अडल्यासारखं वाटतंय. मग ज्याने लिहिलंय त्यानेच मोठ्याने वाचायचं. वाचता वाचता मुलं स्वतःच अडखळतात, 'हे असं नाही ना' म्हणतात आणि दुरुस्त करतात. तुम्ही फक्त गप्प बसायचं. त्यानंतर मुद्दा, मग मुद्द्यांचा क्रम, मग आधार कुठे आहे ते. ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यात शेवटी, तेही त्याच्या एखाद-दोन सवयींपुरतं. जो परिच्छेद उद्या काढूनच टाकायचाय, त्यातल्या वेलांट्या नीट करून काय उपयोग?

मार्क किती पडतील हे सांगायचं नाही. सर किती खडूस आहेत यावर बोलायचं नाही. (हे दुसरं फार जड जातं.)

निवडीचं म्हणाल तर सगळे टॉपर भरू नका. ज्याला सगळं आपसूक जमत गेलं, त्याला दुसऱ्याचं अडणं दिसतच नाही. इच्छुकांच्या हातात एक कच्चा निबंध द्या आणि काय करशील विचारा. बहुतेक जण चुकांखाली रेघा मारतील. एखादी म्हणेल, 'हिला नेमकं काय म्हणायचंय ते आधी विचारायला हवं.' ती पहिली घ्या.

जुना_खडू
निवृत्त प्राध्यापक, त्यामुळे वेळच वेळ आहे. थोडं लांबेल.

पैसे द्याच. फुकटचं काम जूनमध्ये उत्साहात होतं, ऑगस्टपर्यंत टिकत नाही. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना आहे. तुमच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना गाठा. बहुतेक ठिकाणी त्या मुलांना कपाटं पुसायला, झाडांना पाणी घालायला नाहीतर ऑफिसात जावक नोंदवायला लावतात. लेखन-मदतीचे तास त्यात बसतात का ते आधी लेखी विचारून घ्या, नंतर बिलं अडतात. कर्मवीरांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली तेव्हापासून स्वतःच्या कष्टावर शिकणं ही आपल्याकडची ओळखीची गोष्ट आहे. ज्या पोराला लिहिता येतं, त्याने कष्ट म्हणून दुसऱ्याजवळ बसून मसुदा ऐकला तर कुठे बिघडलं? झाडांना पाणी घालण्याइतकंच प्रामाणिक काम आहे ते.

जागा: स्टाफरूमच्या आसपासही नको. ग्रंथालयाचा व्हरांडा उत्तम. खुर्च्या शेजारी-शेजारी लावा. समोरासमोर बसवलंत की लगेच तोंडी परीक्षा सुरू होते.

आणि एक. याला 'कच्च्या मुलांचं टेबल' अशी ओळख मिळाली की संपलं. सुरुवातीला मुद्दाम चांगल्या मुलांचे मसुदे तिथे आणा. राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे. अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरांना निबंध वाचून दाखवायला माणूस हवाच असतो. ती पोरं तिथे दिसली की बाकीच्यांची भीड मोडेल.

रेवाकाठ
खूप आभार, खडूसर. शेजारी-शेजारी खुर्च्यांचं माझ्या डोक्यातच आलं नसतं. कमवा-शिकाचं सोमवारी विचारते.

एक शंका. मदत करणारी मुलं बहुतेक मराठीचीच असतील. भूगोल नाहीतर अर्थशास्त्राचा अहवाल समोर आला तर ती काय करणार? विषयच माहीत नाही.

आडगावचा
ताई, मी एमए भाग दोनला आहे, दुसऱ्या कॉलेजात. होस्टेलवर हेच करत असतो, फक्त त्याला नाव नाही. विषय माहीत नसला तर बरंच असतं, कसं ते सांगतो.

एसवायचा एक जण अर्थशास्त्राचा प्रोजेक्ट घेऊन आला. पहिलं वाक्य असं: 'प्रस्तुत प्रकल्पामध्ये ऊसतोड कामगारांच्या सामाजिक व आर्थिक परिस्थितीचा अभ्यास करण्याचा प्रयत्न करण्यात आलेला आहे.'

म्हटलं, कोणी केला प्रयत्न?
म्हणे, मीच.
कुठे?
वस्तीवर. आमच्याच.
भेटलास कोणाला?
जरा वेळ बोलेना. मग म्हणाला, आमच्याच घरचा एक कोयता आहे. आई-दादा (वडील) जातात ना दरवर्षी.

आणि मग जो सुटला! मजूर नेणारा मुकादम उचल (आगाऊ रक्कम) केव्हा देतो, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, त्यामुळे काम दोघांचं पण उचल आणि हिशोब दादांच्या नावावर. दिवाळीच्या सुमाराला गाडी येते आणि भांड्याकुंड्यांसकट सगळं निघतं. धाकट्या बहिणीची शाळा अर्ध्यात तुटते. हंगाम संपून उचल फिटली नाही, तर पुढल्या साली परत त्याच मुकादमाकडे. मी विचारलं, यातलं फाइलमध्ये काय आहे? काहीच नव्हतं. फाइलमध्ये 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' होतं.

मला उचलीचा हिशोब खरंच कळत नव्हता, म्हणून मी परत परत विचारत होतो, आणि समजावता समजावता त्याचा अहवाल तयार होत होता. अर्थशास्त्राचा पोरगा असता तर 'हं, माहितीये' म्हणून पुढे गेला असता.

फोनवर मराठी व्हॉइस टायपिंग लावलं आणि म्हटलं, आता हेच परत सांग. त्याने सांगितलेलं स्क्रीनवर आलं, चुकीमाकीचं, पण त्याचंच. मग त्याने त्याचे तुकडे पाडले: उचल, हिशोब, शाळा. क्रम त्यानेच लावला. मी एवढंच म्हटलं, की हिशोब शाळेच्या आधी आला तर शाळा का तुटते ते जास्त कळेल. ते त्याने घेतलं. 'आमच्या घरी' असं लिहायचं का, यावर मात्र अडला. घरचं असं उघडं करायला त्याला बरं वाटेना. तिथे मी काही बोललो नाही. आई-दादांना विचार, सरांनाही विचार, म्हटलं. शेवटी त्याने 'एका कुटुंबाचं उदाहरण' असं लिहिलं.

अक्षरजुळणी
माझं डीटीपीचं दुकान आहे (झेरॉक्सही आहे, शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे बोलतो). मुलांना पहिल्याच दिवशी सांगा, की सगळं युनिकोडमध्ये टाइप करा. अजून कितीतरी दुकानांत जुन्या फाँटांत काम चालतं. तिथली फाइल घरी मोबाइलवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात. पोराला एक ओळ बदलायची तरी परत दुकानात यावं लागतं, परत पैसे. मसुदा स्वतःच्या फोनवर राहिला तरच तो चार वेळा बदलेल.

शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे नियम छापून टेबलावर चिकटवा. 1962 चे चौदा आणि 1972 मध्ये वाढवलेले चार, सगळे मिळून अठरा. सगळे शिकवत बसू नका. माझ्याकडे येणाऱ्या फाइलींत जास्त चुका दोनच ठिकाणी असतात. शब्दाच्या शेवटची वेलांटी-उकार दीर्घ, ही एक. दुसरी, 'मूल'चं 'मुलाला' आणि 'फूल'चं 'फुलाला' होताना आधीचा उकार ऱ्हस्व होतो. एवढं पोरांच्या डोक्यात बसलं तरी पानं बरीच साफ होतात.

वाकडी_मान
आडगावचा, तुझ्या पोस्टमुळे माझी मान थोडी सरळ झाली. पण चॅटजीपीटीचं कोणीच काही बोललं नाही. पोरगा सरळ त्यातला गुळगुळीत निबंध घेऊन आला तर? पकडायचं की सोडायचं?

पल्याडची
मदत करणाऱ्या मुलांना पोलीस करू नका. एकदा पकडापकडी सुरू झाली की टेबलाकडे कोणी येणार नाही. निबंध बाजूला ठेवायचा आणि म्हणायचं, दुसरा परिच्छेद मला न बघता सांग. सांगता आला तर ठीक, त्यावर पुढे बोलू. सांगता आला नाही, तर तो लेख आपला नाही हे त्यालाच कळतं, आपल्याला काही म्हणावं लागत नाही. मग कोऱ्या कागदापासून, वर आडगावच्याने केलं तसं. यंत्राला त्या वस्तीवरची गाडी कुठून ठाऊक असणार?

जुना_खडू
एमएच्या मुलांना विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) वाङ्मयचौर्याबद्दलची 2018 ची नियमावली मात्र दाखवून ठेवा. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यावर चाळीसपर्यंत ठराविक मुदतीत लेखन सुधारून परत द्यावं लागतं, पुढे शिक्षा वाढत जाते आणि साठच्या वर नोंदणीच रद्द. पण हा आकडा फक्त जुळणाऱ्या मजकुराचा आहे. नऊ टक्के साम्य असलेला आणि एकही विचार नसलेला प्रबंध मी वाचलेला आहे. दोनदा चहा घ्यावा लागला.

रेवाकाठ
मंडळी, हे ठरतंय असं. उद्घाटन नाही. ग्रंथालयाच्या व्हरांड्यात दोन टेबलं. पहिल्या सत्रात फक्त फील्ड प्रोजेक्टचे मसुदे. मुलांना आधी एकमेकांच्याच लेखनावर सराव देणार, मीही माझा एका चर्चासत्राचा अर्धवट निबंध त्यांच्यापुढे वाचणार आहे, फाडू देत.

वेळेचं मात्र कोडं आहे. आमच्या निम्म्या मुली खेड्यांवरून येतात आणि दुपारच्या एसटीने जातात. ती चुकली की थेट संध्याकाळची. कॉलेज सुटल्यावर ठेवलं तर फक्त होस्टेलची आणि गावातली मुलं येतील, म्हणजे ज्यांना कमी गरज आहे तीच.

पल्याडची
मग सुटल्यावर ठेवूच नका. वेळापत्रकात प्रत्येक वर्गाला कुठे मोकळा तास आहे ते बघा आणि त्या-त्या तासाला एकेक जण बसवा. नाव आदल्या दिवशी वहीत लिहून जायचं, म्हणजे येऊन ताटकळणं नको. वहीत तारीख, वर्ग, कशावर बोललो आणि पुढे ती काय करणार, एवढंच. तिने स्वतःच्या हाताने लिहायचं. ती वही शिक्षकांना दाखवायची की नाही हेही तिच्यावर सोडा, नाहीतर कोणी खरं लिहिणार नाही.

रेवाकाठ
पण कमवा-शिकाला तासांची नोंद दाखवावी लागेल ना?

जुना_खडू
त्यासाठी हजेरीपत्रक वेगळं ठेवा: मदत करणाऱ्याचं नाव, वेळ, सही. मसुद्याची वही त्याला जोडू नका, मागितली तरी.

आडगावचा
ताई, सरावाला मी येऊ का? शनिवारी नेट परीक्षेचा क्लास असतो, रविवार मोकळा आहे. तुमच्या तालुक्याला आमच्याकडून सकाळी साडेसातची गाडी आहे.

रेवाकाठ
या की! रविवारी ग्रंथालय बंद असतं, पण शिपाईमामांना सांगून व्हरांड्याचं कुलूप उघडून घेते. तुमच्या विपुत (विचारपुशीत) निरोप टाकलाय, बघा.