वरचा देखावा आणि आतलं खरं : तुम्हाला कशावरून कळलं?

श्रद्धा असो, संसार असो की धंदा, वरून झकपक दिसणारं आतून पोकळ निघतं आणि एखाद्या साध्या माणसाकडे भक्कम काही सापडतं, हे सगळ्यांनीच पाहिलंय. उपदेश नकोत. नेमकं कुठे बघितल्यावर कळलं, तेवढं लिहा. खरेपणा तपासता येतो आणि तपासायच्या जागा प्रत्येक कामात ठरलेल्या असतात, असं मला मनापासून वाटतं.

* * *

मी हिशेब तपासते. वर्षअखेरचा ताळेबंद सजवलेला असू शकतो, म्हणून मी आधी पुढच्या वर्षाचे पहिले काही आठवडे उघडते. शेवटच्या दिवशी मोठी विक्री आणि लगेच तेवढ्याच रकमेची क्रेडिट नोट, म्हणजे विक्री मागे घेतल्याची नोंद, दिसली, की समजावं, माल बहुधा जागचा हललेलाच नाही. लेहमन ब्रदर्स या अमेरिकन गुंतवणूक बँकेची तऱ्हा वेगळी, पण हेतू हाच. रोखे देऊन उचललेलं अल्पमुदतीचं कर्ज त्यांनी रोख्यांची विक्री म्हणून दाखवलं, त्या पैशातून तिमाहीच्या तोंडावर देणी फेडली आणि काही दिवसांनी तेच रोखे परत घेतले. या व्यवहाराला ते 'रेपो १०५' म्हणत. २००८ च्या मध्याला असे सुमारे ५० अब्ज डॉलर ताळेबंदाबाहेर होते. १५ सप्टेंबरला दिवाळखोरीचा अर्ज गेला. कागदावरचं रूप नव्हे, व्यवहारातलं सत्य नोंदवावं, हे आम्हाला पहिल्यापासून शिकवतात. परीक्षेपुरतं पाठ केलेलं ते तत्त्व आज मला जगण्यालाही पुरतं.

* * *

लाकूडकाम करतो. टेबलाचा वरचा भाग कुणीही चकचकीत करेल. तुम्ही वाकून कड बघा. भरीव लाकडाची रेघ वरून कडेवर उतरते, आडव्या छेदात वाढीच्या वर्तुळांचे तुकडे दिसतात. वर व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलं असेल तर रेघ कडेलाच तुटते. व्हिनियरला मी नावं ठेवत नाही, रुंद फळीसाठी चांगल्या प्लायवरचं व्हिनियर भरीव लाकडापेक्षा कमी वाकतं. फक्त ते भरीव म्हणून विकू नये.

* * *

नर्स आहे. भेटायला येणारे खूप असतात. पेशंट कुठल्या कुशीवर झोपतो, कुठली गोळी घेतली की त्याला मळमळतं, हे विचारल्यावर उत्तर एकालाच येतं. तोच घरचा.

* * *

मला थोडं उलट सांगायचंय. मुलगा गेल्यावर माझी श्रद्धा पार आटली होती. तरी ठरल्या वेळी बसायचो, ओठ हलायचे, मन कोरडं. त्या काळात कुणी मला ढोंगी म्हटलं असतं तर उत्तर नव्हतं. पण मी ते कुणाला दाखवायला करत नव्हतो. तेवढीच एक सवय हातात उरली होती, ती धरून ठेवली. बऱ्याच काळाने एका सकाळी शब्दांचा अर्थ पुन्हा लागला आणि रडू फुटलं. म्हणून बाह्य आचाराला सरसकट देखावा म्हणू नका. तो कोणासाठी चाललाय, ते बघा.

* * *

वरचं वाचून थांबलो होतो, मग लिहायला घेतलं. छोटा कारखाना आहे. एका पुरवठादाराचं कॅटलॉग देखणं, बोलणं गोड; माल खराब निघाला की मात्र फोन उचलत नसे. दुसऱ्याचं बिलसुद्धा हाताने लिहिलेलं. एकदा त्याचाच फोन आला, "परवाचा लॉट वापरू नका, आमच्याकडे तपासणीत कमी भरलाय, गाडी पाठवतो." आम्हाला तो दोष कळलाही नव्हता. तेव्हापासून नव्या माणसाशी बोलताना भावाआधी मी एवढंच विचारतो : शेवटचा माल परत कधी घेतलात आणि का? ज्याला सांगता येतं, त्याच्याशीच पुढचं बोलणं होतं.