चर्चच्या मुलांच्या लीगसाठी सारख्या ताकदीच्या टीम कशा पाडाव्यात? (सल्ला हवा)

पाखाडीची_ताई
नमस्कार मंडळी. आमच्या चर्चमध्ये (पश्चिम उपनगर) दर मे महिन्यात युथ ग्रुप मुलांची लीग घेतो. रिंक फुटबॉल (छोट्या कोर्टवरचं, पाच-पाच जणांचं) आणि अंडरआर्म क्रिकेट (हात खालून फिरवून बोलिंग), दोन्ही चर्चमागच्या सिमेंटच्या कोर्टवर. आजवर टीम पाखाडीप्रमाणे, म्हणजे ज्याच्या-त्याच्या वस्तीप्रमाणे, पडायच्या. मजा यायची, नाही असं नाही. पण पाखाड्या आता पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. एका बाजूला टॉवर झाले, तिथली बरीच पोरं फुटबॉल अकॅडमीत जातात. दुसरीकडे गावठाणात मुलंच उरली नाहीत, मग टीम पुरी करायला कुणाच्या तरी धाकट्या भावाला उभं करतात. गेल्या वर्षी एक टीम सगळे सामने हरली आणि त्यातली दोघं नंतर रविवारच्या धर्मशिक्षणालाही येईनाशी झाली. फादरांनी सांगून टाकलंय, यंदा पाखाडीवार टीम नकोत.

४८ नावं आलीत. वय १० ते १६, मुलगे-मुली एकत्र. ८ जणांच्या ६ टीम करायच्यात. युथमधल्या पोरांना आयपीएलसारखा लिलाव हवाय, पॅरिश हॉलमध्ये, हातोड्यासकट. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाही. भावंडांचं काय करता तुम्ही लोक? नवीन मुलांचा खेळ कळणार कसा? आणि कोचची स्वतःची मुलं असतात, त्यांचं?

चिठ्ठीवाला
सरळ चिठ्ठ्या टाका ताई. येशूच्या बारा प्रेषितांत यहूदाच्या जागी मथियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच झाली. फादर कशाला नाही म्हणतील?

रिंकवरचा_रेफरी
तिथे उमेदवार दोनच होते हो, आणि दोघंही पारखून घेतलेले. इथे ४८ आहेत, त्यात दहा वर्षांचं पोर आणि दाढी फुटलेला सोळा वर्षांचा एकाच डब्यात. नुसत्या चिठ्ठ्यांत अकॅडमीची तीन पोरं एका टीमला गेली की पहिल्याच रविवारी सगळ्यांना निकाल कळतो.

चिठ्ठ्याच हव्या असतील तर फुटबॉल वर्ल्ड कपच्या ड्रॉसारख्या, पॉट (गट) करून टाका. आधी सगळ्यांना खेळाप्रमाणे वरून खाली लावा, सहा-सहांचे आठ पॉट करा आणि प्रत्येक पॉटमधून प्रत्येक टीमला एक. कुणी वशिल्याचा आरोप करू शकत नाही.

लिलावाला मात्र ठाम नाही म्हणा. पहिल्या दहा नावांना टाळ्या पडतात, शेवटच्या दहांचं काय? आईबाप मागे बसलेत आणि पोराचं नाव तीनदा पुकारून कुणी बोली लावत नाही. मोठ्यांच्या टेनिस बॉल लीगमध्ये चालतं ते, त्यांना सवय असते. पोरांना हातोडा वाजवायचाच असेल तर जर्सीचे रंग लिलावात काढा.

जुना_अंडरआर्म
पॉटची पद्धत चांगली आहे, पण अडचण त्याच्या आधीच आहे: वरून खाली लावायचं कुणी आणि कसं? आमच्याकडे जे चालतं ते सविस्तर लिहितो.

टीम पाडायच्या आधी एक संध्याकाळ सगळ्यांना बोलवा. 'ट्रायल' म्हणू नका, पोरं घाबरतात. 'पहिली प्रॅक्टिस' म्हणा. पाच-पाचचे छोटे सामने लावा, दर दहा मिनिटांनी टीम बदला. तिघं मोठे वेगवेगळ्या जागी बसून १ ते ५ गुण देतील, एकमेकांचा कागद न बघता. मग तिन्हींची सरासरी. एकट्या माणसाचं मत त्याच्या ओळखीच्या पोराकडे झुकतंच, तिघांचं थोडं सावरतं. नवीन मुलांचा प्रश्नही यातच सुटतो.

काही शहाणे कोच आपल्या पोराला त्या दिवशी मुद्दाम ढिलं खेळायला सांगतात. म्हणून फॉर्मवर दोन रकाने ठेवा: अकॅडमी किंवा शाळेच्या टीममध्ये खेळतो का, आणि मागच्या वर्षी लीगमध्ये होता का. अकॅडमीवाल्याला संध्याकाळी दोन गुण मिळाले तर समजून जायचं.

आता वाटप. कॅप्टनांनी आळीपाळीने नावं घ्यायची असतील तर १ ते ६ आणि पुन्हा १ ते ६ असं करू नका. नागमोडी जा: पहिल्या फेरीत १ ते ६, दुसरीत ६ ते १. सरळ पद्धतीत पहिल्या टीमला क्रमांक १ आणि ७ मिळतात, बेरीज ८. सहाव्या टीमला ६ आणि १२, बेरीज १८. नागमोडीत प्रत्येक टीमची बेरीज १३ येते.

पण कागदावर १३ आलं म्हणजे मैदानात बरोबरी झाली असं नाही, आणि इथेच बहुतेक जण फसतात. पहिल्या नंबरचा पोरगा दुसऱ्यापेक्षा कधी कधी चारपट चांगला असतो, तर १५ आणि २० मध्ये काही फरकच नसतो. म्हणून वाटप झालं की क्रमांक विसरा आणि प्रत्येक टीमच्या गुणांची बेरीज मांडा. कुठली टीम फार वर-खाली असेल तर मधल्या मुलांची एखादी अदलाबदल करा. गोलकीपर आधीच वेगळे काढून सहा टीमना एकेक द्या. रिंकवर गोलकीपर नसलेली टीम म्हणजे उघडं दार.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. टीम आधी पाडा, कोच नंतर द्या. सहाही कोचना एका टेबलाशी बसवून सहा याद्या तयार करायला लावा आणि कुणाला कुठली यादी हे अगदी शेवटी चिठ्ठीने ठरवा. आपल्या वाट्याला कुठली टीम येणार हे माहीत नसलं की माणूस आपोआप प्रामाणिक होतो. पाचवी यादी कमकुवत दिसली तर सहाही जण ओरडतात, कारण ती कुणाच्याही गळ्यात पडू शकते.

कोचच्या मुलाचं: तो ज्या यादीत आहे ती यादी बापाला. चिठ्ठी बाकीच्यांसाठी. यादी करताना मात्र त्या पोराला त्याच्या खऱ्या गुणांवरच बसवा. नाहीतर 'हा माझाच, याला शेवटी घेतो' म्हणत एक चांगला खेळाडू फुकटात मिळतो.

बेंचवरचा
सगळं ठीक, पण स्टार पोरगा ज्याच्याकडे तोच जिंकणार ना शेवटी? छोट्या रिंकवर एकटाच खेळून जातो.

जुना_अंडरआर्म
फुटबॉलमध्ये थोडं खरं आहे. तरी क्रिकेटचं एक उदाहरण देतो, आपल्याच माणसाचं. १९४३ ची पेंटँग्युलर (मुंबईतली पाच टीमची स्पर्धा) फायनल, ब्रेबर्न स्टेडियम. तेव्हा टीम धर्मावरून पडायच्या आणि ख्रिस्ती खेळाडू 'द रेस्ट'कडून खेळायचे. सांगलीचे विजय हजारे त्यांच्याकडे. दुसऱ्या डावात ३८७ पैकी ३०९ धावा एकट्या हजारेंच्या. तरी सामना डावाने गेला, कारण हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला होता आणि रेस्टच्या पहिल्या डावात सगळे मिळून १३३. म्हणून मी वरच्या पॉटपेक्षा खालच्या तीन पॉटकडे जास्त बघतो. पहिला नंबर कुणाकडे गेला यावर तासभर भांडण होतं आणि सगळ्यात कच्ची चार पोरं एकाच टीमला गेलीत हे कुणी बघत नाही.

दोन_मुलांची_आई
मी कोच नाही, पण सोडायला-आणायला मीच असते म्हणून लिहिते. कृपया भावंडांना एकाच टीममध्ये ठेवा. एकाची प्रॅक्टिस मंगळवारी, दुसऱ्याची गुरुवारी, मध्ये ट्यूशन, हे कुणाला झेपत नाही. जुने_अंडरआर्म म्हणतात तसं वाटप करताना दोघांना जोडीने घ्या: मोठा वरच्या फेरीत गेला की धाकट्याची फेरी आली की तो त्याच टीममध्ये, आणि त्या फेरीत त्या टीमला दुसरं नाव नाही.

मैत्रिणींचं: फॉर्मवर एकच नाव मागा आणि दोघींनी एकमेकींचं लिहिलं असेल तरच धरा. मुलींना तरी हे जरूर द्या. आठजणांत एकटीच मुलगी असली की तिसऱ्या आठवड्यात तिचं पोट दुखायला लागतं. ४८ मध्ये मुली कमी असतील तर सहा टीममध्ये एकेक वाटण्यापेक्षा तीन टीममध्ये जोड्यांनी द्या. समान वाटप म्हणून कागदावर छान दिसतं, पण ती मुलगी काय करणार?

आणि ते गुणांचे कागद! ते टेबलावरच फाडा. फोटो निघाला की रात्रीपर्यंत कम्युनिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'माझ्या मुलाला २ का' सुरू होतं.

पाखाडीची_ताई
कागद फाडण्याचं आत्ताच लिहून ठेवलं :) भावंडांचंही पटलं. मुलींबद्दल युथमधली मुलं कुरकुर करतील ('तीन टीमना मुली, तीन टीमना नाही'), पण ते मी बघते.

एक अडचण राहिलीच. मे महिन्यात अर्धी मुलं गावाला जातात. कुणी वसईला आजीकडे, कुणी गोव्याला. टीम कितीही सारख्या पाडल्या तरी दुसऱ्या आठवड्यात एका टीमकडे चारच उरतात.

रिंकवरचा_रेफरी
फॉर्मवरच 'मे महिन्यात कुठल्या रविवारी नाही' हे विचारा. पालकांची तिकिटं आधीच काढलेली असतात, त्यांना माहीत असतं. मग प्रत्येक रविवारी प्रत्येक टीममधून साधारण तेवढेच गैरहजर राहतील असं बघा. कंटाळवाणं काम आहे, पण एक्सेलवर होऊन जातं.

त्याहून सोपा मार्ग नियमात आहे, टीम पाडण्यात नाही. फुटबॉलला रिंकवर पाच आणि टीम आठांची. ३० मिनिटांचा सामना असेल तर पावणेचार मिनिटांचे आठ तुकडे करा. प्रत्येक मूल पाच तुकडे खेळेल, म्हणजे पावणेएकोणीस मिनिटं. गोलकीपर कायम ठेवायचा असेल तर हिशोब बाकीच्या सातांचा करा. शिट्टी वाजली की बदली, कोचचं काही चालणार नाही. अंडरआर्मला प्रत्येकाला ठरावीक चेंडू, आऊट झाला तर टीमच्या धावा वजा, पण त्याने खेळत राहायचं. स्टार पोरगाही तेवढेच चेंडू खेळतो. एवढ्यानेच अर्धी तफावत मिटते.

बेंचवरचा
आणि दोन आठवड्यांनी कळलं की टीम तरीही वाकड्या पडल्यात, तर? आमच्या इथे मध्येच दोन पोरांची अदलाबदल केली होती, बरं चाललं पुढे.

दोन_मुलांची_आई
मुलांची मधूनच अदलाबदल नको हो. तोवर जर्सी मिळालेली असते, दोस्ती झालेली असते. 'तुला देऊन टाकलं' असं दहा वर्षांच्या मुलाला कसं सांगणार?

जुना_अंडरआर्म
आईंशी सहमत. बदल करायचाच तर लीगचे दोन भाग करा, पहिले तीन रविवार एक टीम, पुढे सगळ्यांच्याच नव्या टीम. मग कुणा एकाला हलवलं असं होत नाही. पण माझ्या मते त्याची गरज नाही. वयाकडे मात्र नीट बघा. १० ते १६ हे अंतर फार आहे. १३ च्या खालचे आणि वरचे अशा दोन याद्या करून प्रत्येक टीमला दोन्हींतून सारखे द्या. वय १ जानेवारीला धरत असाल तर एकाच वर्षातली जानेवारीची आणि डिसेंबरची मुलं एकाच वयाची ठरतात, अंगापिंडात जवळजवळ वर्षाचा फरक. लहान गटात तो फार जाणवतो. गुण देणाऱ्या तिघांसमोर जन्मतारखा ठेवा.

पाखाडीची_ताई
ठरलं. पहिली प्रॅक्टिस मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर), तिघांचे गुण, भावंडं जोडीने, कोचना चिठ्ठी शेवटी. लिलाव फक्त जर्सीच्या रंगांचा, पोरं त्यावर राजी झालीत. फॉर्मची शेवटची तारीख येत्या रविवारी ठेवलीये. त्यानंतर नावं आली तर?

रिंकवरचा_रेफरी
येतातच. ज्या टीमच्या गुणांची बेरीज सगळ्यात कमी, तिथे पाठवायचं, आणि हे फॉर्मवर आधीच छापून ठेवायचं. नाहीतर लीग सुरू झाल्यावर कुणाचा तरी अकॅडमीतला भाचा सुट्टीला येतो आणि नेमका पहिल्या नंबरच्या टीममध्ये उगवतो.

चिठ्ठीवाला
म्हणजे चिठ्ठ्या राहिल्याच शेवटी. मी आधीच म्हणालो होतो.