भात कुठलं, पाखड कुठलं?

खाडीपलीकडचा: राहतो कांदिवलीत, पण गोराईला दोन छोटी खाचरं आहेत. दर रविवारी बोटीने पलीकडे. आई होती तोवर बेणणी, म्हणजे तण काढणं, तीच बघायची. परवा एकटाच उतरलो आणि पाखड (भातासारखंच दिसणारं तण) समजून अर्धी ओळ भातच उपटलं! लावणीला तीन आठवडे झालेत. ओळखायचं कसं?

बांधावरची: अरे दादा, रंगावर जाऊ नकोस. पात खोडाला जिथे चिकटते ना, तिथे नखाने जरा ओढून बघ. भाताला आत पातळ पांढरा पापुद्रा आणि दोन्ही बाजूंना केसाळ कान दिसतील. पाखडाला यातलं काही नाही, साफ गुळगुळीत.

जुना_नांगर: पाणी टिकतंय का? पाच सेंमी उभं असलं तर पाखडाचं बी सहसा रुजत नाही. चिखल उघडा पडला की माजलंच. बांधाला खेकड्यांची बिळं बघ आधी. आणि आता आहे ते लोंबी यायच्या आत उपट, नाहीतर बी पडून पुढल्या वर्षी पुन्हा तेच.

खाडीपलीकडचा: कान दिसले ताई! बिळंही निघाली, तीन. चिखलाने बुजवलीत. कंबर मात्र गेली, उद्या ऑफिसला उभ्यानेच लोकल.