‘उत्प्रेरक’ म्हटल्यावर पुन्हा ‘पुनर्वापरयोग्य’ कशाला?

प्रश्न (चोपडा): मुलीच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाचं शीर्षक मराठीत करतेय: ‘पुनर्वापरयोग्य विकराधारित नॅनोउत्प्रेरक’. उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः तिच्यात खर्ची पडत नाही, हे शाळेतच शिकलो. मग ‘पुनर्वापरयोग्य’ ही द्विरुक्ती नाही का?

उत्तर (जळगाव): नाही ताई, तो शब्द मुळीच काढू नका! खर्ची न पडणं वेगळं आणि परत हाती लागणं वेगळं. विकर (एन्झाइम) म्हणजे सजीवांत तयार होणारं, उत्प्रेरकाचं काम करणारं प्रथिन. ते पाण्यात विरघळतं. काम झाल्यावरही ते शाबूत असतं, पण तयार मालातून वेगळं काढणं जिकिरीचं, आणि तापवलं तर ते निकामी होतं. एवढं महागडं विकर एका खेपेत गेलं, तर त्या पद्धतीला ‘हरित’, म्हणजे पर्यावरणाला जपणारी, कशाला म्हणायचं?

म्हणून ते कशावर तरी पक्कं बसवतात. १९१६ मध्ये नेल्सन आणि ग्रिफिन यांना दिसलं, की साखरेचं विघटन करणारं इन्व्हर्टेज कोळशावर बसलं तरी काम करतच राहतं. आता मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या लोह-ऑक्साइडचे, नॅनोकण (मीटरच्या अब्जांश भागांत मोजावे इतके बारीक कण) घेतात आणि ग्लुटाराल्डिहाइड हे जोडणारं रसायन वापरून त्यांच्यावर लायपेज हे चरबी तोडणारं विकर जोडतात. कण बारीक, म्हणून थोड्या वजनात भरपूर पृष्ठभाग मिळतो. काम झालं की काचेला बाहेरून चुंबक लावायचा. काळपट कण त्या बाजूला गोळा होतात, द्रव नितळ होतो. तो ओतून घ्यायचा, कण धुवायचे आणि पुढची खेप लावायची. दर खेपेला क्रियाशीलता थोडी उतरते. त्यामुळे किती खेपांनंतर किती उरली, हे प्रकल्पात यायलाच हवं.

प्रश्न (शहादा): ‘विकर’ की ‘एन्झाइम’? आणि आमच्याकडे कच्च्या पपईला ब्लेडने चिरा पाडून चीक काढतात, त्यात पपेन असतं. तो चीक म्हणजे नॅनोउत्प्रेरकच झाला का?

उत्तर (जळगाव): शालेय पुस्तकांत ‘विकर’ आहे, मराठी विश्वकोशात नोंद ‘एंझाइमे’ अशी आहे. दोन्ही चालतील, फक्त एका लेखात एकच ठेवा. मला ‘विकर’ बरा वाटतो, ‘विकराधारित’सारखे समास त्यातून सहज होतात.

चिकाबद्दल: पपेन हे प्रथिनं तोडणारं विकर, म्हणजे उत्प्रेरक नक्कीच. पाणी कमी ठेवलं तर ते उलट अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, जोडूनही देतं. पण ‘नॅनो’ हे विशेषण विकराच्या आधाराचं आहे. पपेन नॅनोकणांवर बसवल्याशिवाय हे विशेषण चिकाला लावू नये.