राजीनामा द्या, नंतर परत घेऊ असं म्हणतायत. काय करू?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, पण ठेकेदाराच्या नावावर. पगार 19 हजार, ईएसआय (कामगार विम्याचे पैसे) कापतात. गरोदरपणाचा पाचवा महिना चालू आहे. ऑफिसात सांगितलं तर मॅडम म्हणाल्या आत्ता राजीनामा दे, बाळ जरा मोठं झालं की परत घेऊ, बाळंतपणाची रजा फक्त परमनंटना असते. सासूबाई पण म्हणतायत कशाला दगदग, घरी बस. मला सोडायची नाहीये हो, घराचा हप्ता दोघांच्या पगारावर चाललाय आणि व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) हातात घेऊन पार्ट चेक करायचं काम मला मनापासून आवडतं. ठेकेदाराकडच्या बायकांना 26 आठवडे मिळतात का?

सिडकोची_आई: ताई राजीनाम्यावर सही अजिबात करू नकोस!! परत घेऊ हे तोंडी असतं, नंतर कोणी ओळख दाखवत नाही. तुझा ईएसआय कापतात ना, मग रजेचे पैसे ठेकेदाराने द्यायचेच नाहीयेत, ते ईएसआयसी (हा विमा चालवणारं सरकारी महामंडळ) देतं, सरासरी रोजाएवढे पूर्ण. पहिल्या दोन मुलांना 26 आठवडे, त्यातले डिलिव्हरीच्या आधी जास्तीत जास्त 8. आधीच्या दोन कॉन्ट्रिब्युशन पिरियडमध्ये (सहा-सहा महिन्यांचे असतात) मिळून 70 दिवस भरलेले हवेत, तेवढं ईएसआयसीच्या पोर्टलवर बघ, कारण पगारातून कापतात पण पुढे भरत नाहीत असेही ठेकेदार आहेत.

नाशिकरोडचा_वकील: परमनंटलाच रजा हे साफ चूक आहे. दिल्ली महापालिकेच्या मस्टर रोलवरच्या रोजंदारी बायकांनाही प्रसूती रजा द्या असं सुप्रीम कोर्टाने 2000 सालीच सांगितलंय. रजेवर असताना कामावरून काढणंही बेकायदा. जे काही बोलायचं ते मेलवर बोला आणि राजीनामा मागितल्याचं त्यात स्पष्ट लिहा.

सातपूर_वर्कशॉप: मी मालक आहे म्हणून दुसरी बाजू सांगतो. 21 हजारांच्या वर पगार गेला की ईएसआय नाही, मग 26 आठवड्यांचा सगळा पगार मालकावर, सरकार एक रुपया देत नाही. त्यामुळे नवीन लग्न झालेली मुलगी इंटरव्ह्यूला आली की बरेच मालक आकडेमोड करतात आणि मुलगा घेतात. हे वाईट आहे, मला पटत नाही, पण घडतं. तो खर्च सगळ्यांकडून थोडा थोडा गोळा व्हायला पाहिजे, ईएसआयसारखा. आणि बापांना पण रजा द्या. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला 15 दिवस आहेत, खासगीत कायद्याने काहीच नाही, म्हणून मूल म्हटलं की सगळे फक्त बाईकडे बघतात.

पाथर्डी_फाटा: रजेपेक्षा परत येणं अवघड आहे बघ. 50 किंवा जास्त माणसं असली की पाळणाघर पाहिजे आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता आलं पाहिजे, कायद्यात आहे. पण अंबडच्या छोट्या युनिटमध्ये वीस-पंचवीस माणसं, तिथे कोण काढणार? चार-पाच कंपन्यांनी मिळून एक काढलं तर कितीतरी जणी टिकतील. माझ्या लाईनवरच्या दोघी चांगल्या ऑपरेटर फक्त बाळ ठेवायला जागा नाही म्हणून घरी बसल्या, मला अजून राग येतो त्याचा. तू आत्तापासूनच सासूबाईंशी बोलून ठेव, आणि नवऱ्याची शिफ्ट बदलून मिळते का ते विचारायला लाव, हे शेवटच्या महिन्यावर ढकलू नकोस.

मूळ प्रश्नवाली: खूप आभार सगळ्यांचे 🙏 पोर्टल बघितलं, भरलेलं दिसतंय, फक्त मागचा महिना नाहीये, ठेकेदाराला विचारते. राजीनामा देणार नाही, उद्या सकाळी मेल टाकते. नवरा म्हणतोय मी सुपरवायझरशी बोलतो, सेकंड शिफ्ट घेतो, म्हणजे सकाळी बाळ त्याच्याकडे. संध्याकाळचं सासूबाईंना अजून विचारलेलं नाही.