तैलरंग: पक्ष्यांचा पांढरा आकाशात मिसळतोय, मदत हवी आहे

शहापूरवाला
समुद्रकिनाऱ्याचं एक चित्र बघून तैलरंगात कॉपी करतोय. आकाश, लाटा, ओली वाळू जमली. पक्ष्यांपाशी अडलोय. पांढरा लावला की खालचा निळा ब्रशाबरोबर वर येतो आणि पक्षी मळकट होतो. पुसून परत लावलं तरी तेच. गणपतीला बहिणीला द्यायचंय. आकाश लवकर कसं वाळवू? हेअर ड्रायर चालतो का?

निपाणीकर
कुठला पांढरा? त्यात काय मिसळता? आकाश कधी रंगवलंय?

शहापूरवाला
टायटॅनियम व्हाइट, तेल घालून. आकाश मागच्या आठवड्यात. ड्रायरचं सांगा की ओ.

घाटमाथा
ड्रायरनं काही होणार नाही. तैलरंग पाणी उडून वाळत नाही, त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, दोन-तीन दिवसांत हाताला लागत नाही, टायटॅनियमला आठवडा-दोन आठवडे जातात, आणि आकाशात पांढराच जास्त असतो. त्यात आपल्या बेळगावचा पाऊस. तेल कुठलं? कॅनव्हास कुठं ठेवता?

शहापूरवाला
जवसाचंच, घाण्यावरून आणलेलं. धूळ बसू नये म्हणून कापड झाकून माळ्यावर ठेवतो.

घाटमाथा
हे आधी सांगायचं होतं! घाण्याचं तेल रंगासाठी शुद्ध केलेलं नसतं. उशिरा वाळतं, पुढं पिवळं पडतं. आणि झाकून, अंधारात ठेवल्यावर हवा कुठनं मिळणार? खिडकीजवळ उजेडात उभा करा. खालचे थर टर्पेंटाइन घालून पातळ, वरचे जास्त तेलाचे, हा क्रम पाळा, नाहीतर पुढं तडे जातात.

खानापूर_रंग
एवढा त्रास कशाला? ॲक्रिलिकनं पक्षी काढा, अर्ध्या तासात काम. मी सगळं ॲक्रिलिकमध्येच करतो.

निपाणीकर
दादा, ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक धरत नाही, सुटून येतो. त्यांचं आकाश आधीच तेलात झालंय.

खानापूर_रंग
माझं एक चित्र चांगलं टिकलंय.

निपाणीकर
किती वर्षं झाली ते सांगा.

चिकोडीची_मावशी
बाळा, प्रिंटवरून कशाला करतोस? चोर्ला घाटातून गोव्याला जा, नाहीतर कारवारला, आणि किनाऱ्यावर बसून काढ. चित्रकार आबालाल रहिमान कोल्हापुरात कोटितीर्थ तलावाच्या काठी बसून रंगवायचे.

घाटमाथा
मावशी, आत्ता पावसात कुरव (सीगल) कुठले दिसणार? ते थंडीत येतात. आणि कॉपी करण्यात कमीपणा नाही, रंग कसा बसतो ते हातालाच कळतं.

तिलकवाडी_स्टुडिओ
मूळ प्रश्नाला उत्तर कुणीच दिलं नाही. आकाश ओलं असतानाही पक्षी निघतात. टर्पेंटाइनमध्ये किंचित ओल्या केलेल्या सपाट ब्रशानं पक्ष्याच्या आकारातला निळा उचलून घ्या, कॅनव्हास दिसेपर्यंत. मग पांढरा तेल न घालता जाडसर घ्या, एका फटक्यात ठेवा आणि सोडून द्या. प्रत्येक फटक्यानंतर ब्रश पुसा. परत घासलं की निळा वर येणारच.

दुसरं म्हणजे पक्षी अख्खा पांढरा नसतोच. उजेड मागून असेल तर पोट निळसर राखाडी दिसतं. त्यासाठी पांढऱ्यात अल्ट्रामरीन निळा आणि थोडा अंबर घ्या. ऊन पडतं तिथंच पांढरा, त्यातही यलो ऑकरचा (मातकट पिवळ्याचा) कण. लांबचे पक्षी आकाशाच्या रंगाच्या जवळ न्या, नाहीतर चिकटवल्यासारखे दिसतील.

निपाणी_फ्रेम्स
फ्रेम करताना काच नको. व्हार्निश सहा महिने तरी लावू नका.

शहापूरवाला
फ्रेमचं नंतर बघू. स्टुडिओ सर, एक पक्षी उचलून बघितला, एकदम स्वच्छ आला! कॅनव्हास पण खिडकीत ठेवलाय. ओल्या वाळूतलं प्रतिबिंब याच पांढऱ्यानं करू का?

तिलकवाडी_स्टुडिओ
नको. पक्ष्यापेक्षा एक छटा गडद ठेवा, वाळूचा रंग त्यात मिसळा, आणि कोरड्या ब्रशानं आडवं एकदाच ओढून कडा मोडा.